तर्रीतली केमिस्ट्री

तर्री-पोह्यांवरची तर्री रश्शात मिसळून न जाता वर का तरंगते? आंजी (मोठी)च्या बारावीच्या पोरांना मी आधी हेच विचारतो. तर्री म्हणजे तेल, आणि तेल पाण्यात मिसळत नाही. मिरचीचा रंगही पाण्याला दाद देत नाही, तेलात मात्र उतरतो. औषधी वनस्पतींमधून कामाचं द्रव्य काढण्याचा धंदाही याच तत्त्वावर चालतो. कारखान्यात तेलाऐवजी बहुधा हेक्झेन किंवा अ‍ॅसिटोन असतं, एवढंच. हेक्झेन पेट्रोलियममधून येतं, झटकन पेट घेतं, आणि त्याच्या वाफेत वर्षानुवर्षं राबणाऱ्याच्या हातापायांच्या नसा निकामी होऊ शकतात. त्याला सुरक्षित, म्हणजे ‘ग्रीन’, पर्याय शोधायला माणसं लागतात.

आपल्याच वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद घ्या. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यातलं कुरकुमिन साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मुंबईच्या माटुंग्यातल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (पूर्वीची यूडीसीटी) प्रा. विलास गायकर यांच्या गटाने यावर एक सुरेख युक्ती लढवली. पाण्यात एका विशिष्ट जातीचे क्षार भरपूर मिसळायचे. त्या द्रावणात कुरकुमिन उतरतं. मग गाळून नुसतं पाणी वाढवायचं, की पकड सुटते आणि पिवळा साका तळाशी बसतो. हे काम २००३ च्या सुमाराला प्रसिद्ध झालं. आदल्याच वर्षी काळ्या मिरीतल्या पायपरिनवर असंच काम झालं होतं.

दुसरी वाट कार्बन डायऑक्साइडची. ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या सुमारे ७३ पट दाबाखाली तो धड वायू राहत नाही, धड द्रवही नाही; अशा अवस्थेत तो वनस्पतीतलं द्रव्य विरघळवून घेतो. दाब सोडला की उडून जातो, मालात काही मागे राहत नाही. पण यंत्र महाग, आणि त्यात हळदीचं तेल छान निघत असलं तरी कुरकुमिन फारसं येत नाही. इथेनॉल चांगलं, तर त्याला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना हवा! कशासाठी काय वापरायचं आणि वापरलेलं परत किती मिळवायचं, हे ठरवणाऱ्याला पगार मिळतो.

आता पालकांचा प्रश्न: “सर, यात नोकरी आहे का?” आहे, पण आंजीत नाही. मसाल्यांच्या अर्कांचा मोठा कारभार केरळात, कोचीच्या बाजूला आहे. औषध, खाद्य आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांतही ही कामं असतात. पोरगं बाहेर जाणार, हे आधीच मनाशी धरा.

कोर्सच्या नावात ‘ग्रीन’ दिसलं म्हणून फी भरू नका. मुळात केमिस्ट्री किंवा केमिकल इंजिनीअरिंग पक्कं हवं. गणित असेल तर सीईटी देऊन नागपूरचं एलआयटी किंवा माटुंगा गाठायचा प्रयत्न करा. गणित सोडून बायोलॉजी घेतली असेल तर बी.फार्म. आहे. दोन्ही जमलं नाही तर वर्ध्यात बीएस्सी करून पुढे एमएस्सी करा. वेळ जास्त लागतो, पण ही वाट कमी दर्जाची नाही. मात्र प्रयोगशाळेत हात चालला पाहिजे. ‘प्रॅक्टिकल लिहून दिलं की झालं’ म्हणणारं कॉलेज असेल, तर मला तिथे मूल पाठवायची भीती वाटते.

प्रवेशाआधी एक दिवस काढून वर्ध्याच्या मगनवाडीत जा. तिथल्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत वनौषधींवर काम चालतं. आधी पत्र पाठवून परवानगी घ्या. आणि पोराला पुढे करा, प्रश्न त्यालाच विचारू द्या.