एका थेंबाची मोजदाद

वाशीम जिल्ह्यात पावसाळा सरला की सोयाबीनची मळणी सुरू होते. जाणता शेतकरी केवळ वजनावरून पिकाची परीक्षा करीत नाही. समजा, दोन शेतांचे उत्पन्न सारखेच कमी भरले. पहिल्या शेतात पाण्याची ओढ बसल्यामुळे दाणे थोडे आले आणि तेही बारीक राहिले. दुसऱ्या शेतात दाणे संख्येने भरपूर आहेत. परंतु मूळ बियाणेच बारीक दाण्याचे आहे. पहिल्या शेताला पुढील हंगामात वेळेवर पाणी मिळाले, तर दाणा भरेल. दुसऱ्याला कितीही पाणी दिले, तरी त्याचा दाणा मोठा होणार नाही.

मनुष्याच्या रक्ताची परीक्षा करतानाही हाच विवेक करावा लागतो.

मोहरीच्या दाण्याहूनही लहान, म्हणजे एक घन मिलिमीटर एवढ्या रक्तात सुमारे ४५ ते ५० लाख तांबड्या पेशी असतात. त्यांत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. ते लोहाच्या साहाय्याने तयार होते आणि प्राणवायू शरीरभर पोहोचविते. हिमोग्लोबिन कमी झाले की मनुष्य फिकट दिसतो, लवकर थकतो व त्याला धाप लागते. यालाच पंडुरोग म्हणतात.

आता अशी कल्पना करू की, एका शाळेतील दोन मुलींचे रक्त तपासले आणि दोघींचेही हिमोग्लोबिन १० च्या आसपास भरले. असायला हवे १२. दोघीही तितक्याच फिकट दिसतात. दोघींनाही आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी पुरेल काय? येथे केवळ हिमोग्लोबिनचा आकडा उत्तर देऊ शकत नाही. पेशी किती आहेत आणि प्रत्येक पेशी केवढी आहे, हे पाहिले पाहिजे.

पूर्वी पेशींची गणती सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी करीत. ते काम मोठ्या चिकाटीचे असे आणि डोळे थकले की गणती चुके. अमेरिकेतील वॉलेस कूल्टर यांनी याकरिता एक यंत्र शोधून काढले. १९५३ मध्ये त्याचे एकस्व त्यांना मिळाले. त्या यंत्रात विजेचा प्रवाह चालू असलेल्या एका अतिसूक्ष्म छिद्रातून पेशी एकामागून एक जातात. प्रत्येक पेशी प्रवाहाला क्षणभर अडथळा करते. जितकी पेशी मोठी, तितका अडथळा मोठा. त्यामुळे पेशींची संख्या आणि त्यांचे आकारमान या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळतात. निरोगी प्रौढ माणसाच्या पेशीचे सरासरी आकारमान ८० ते १०० फेमटोलिटर असते. एक फेमटोलिटर म्हणजे एक घन मायक्रॉन. नुसत्या डोळ्यांना ते दिसणे अशक्यच.

पहिल्या मुलीच्या पेशींचे आकारमान ७४ आणि संख्या ४२ लाख निघाली. दुसरीच्या पेशी आणखी लहान, ६२. पण संख्या मात्र ५४ लाख! १९७३ मध्ये मेंट्झर नावाच्या डॉक्टरांनी एक सोपा भागाकार सुचविला. आकारमानाला दशलक्षांतील संख्येने भागावे. ७४ ला ४.२ ने भागले असता सुमारे १७.६ येतात, ६२ ला ५.४ ने भागले असता सुमारे ११.५. भागाकार १३ हून अधिक आला, तर बहुधा लोहाची उणीव. कमी आला, तर थॅलेसेमियाचा संशय घ्यावा. चौथीतल्या मुलालाही जमेल असा हा हिशेब आहे. परंतु तो कधी कधी चुकतो. म्हणून त्याला निर्णय न मानता चाळणी मानतात. हिमोग्लोबिनच्या प्रकारांची निराळी तपासणी झाल्यावरच निदान पक्के होते.

थॅलेसेमियाचा दोष आईबापांकडून येतो. तो एकाकडूनच आला, तर मूल केवळ वाहक होते आणि सहसा निरोगी आयुष्य जगते. परंतु आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या वेळी चारात एक शक्यता अशी असते की ते मूल गंभीर आजारी होईल. अशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते.

विदर्भात मात्र सिकलसेल हा दुसरा आनुवंशिक आजार अधिक परिचित आहे. यात पेशी विळ्यासारख्या वाकतात. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील या दोषाविषयी लिहिले. या दोषाच्या वाहकाच्या पेशी आकाराने व संख्येने बहुधा नेहमीसारख्याच असतात. म्हणून तो मोजमापाच्या चाळणीतून सहज निसटतो. त्याच्यासाठी रक्ताचा थेंब एका विशिष्ट द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झाले आणि नळीमागील रेघा दिसेनाशा झाल्या, तर पुढील तपासणी करतात. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट ठरविण्यात आले.

त्या दोन मुलींपैकी पहिलीला डॉक्टर लोहाच्या गोळ्या वाढवून देतील. काही आठवड्यांनी तिच्या पेशी पुन्हा मोजल्या, तर त्या भरू लागलेल्या आढळतील. दुसरीचे निदान पक्के झाले, तर निरोप तिच्या घरीही जाईल: आईने व वडिलांनी रक्त तपासून घ्यावे, आणि धाकट्या भावालाही सोबत आणावे.