नाताळचे दान आणि आषाढातली भूक

अभ्यासासाठी वाचन: अनुवाद १६:९–१७, नहेम्या ८:९–१२, प्रेषितांची कृत्ये ११:२७–३०, १ करिंथ १६:१–४



डिसेंबर लागला की आपल्या मंडळ्यांमध्ये देणे वाढते. कॅरल गाणाऱ्या तरुणांचा डबा भरतो. महिला मंडळाकडे साड्या आणि स्वेटर जमा होतात. एरवी चौकशी न करणारेही विचारतात, "यंदा पाड्यांवर काय पाठवताय?" हे का घडते, आणि या दानातून गरजवंतांचे खरे भले कधी होते, याचा या अंकात शास्त्राच्या आधारे विचार करू.

सणात हात सैल का सुटतो?

पहिले कारण साधे आहे. सणात कोणीतरी मागायला येते. १८९१ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात मुक्तिफौजेचे कॅप्टन जोसेफ मकफी यांना गरिबांना नाताळचे जेवण द्यायचे होते, पण पैसे नव्हते. त्यांनी बोटीच्या धक्क्यावर एक पातेले टांगले. येणारेजाणारे त्यात नाणी टाकू लागले आणि ही प्रथा पुढे देशोदेशी पसरली. त्या लोकांच्या मनात दया आधीही असणार. पातेल्याने तिला वाट करून दिली.

दुसरे कारण असे की आनंद एकट्याने खाल्ला जात नाही. आपल्या येरवड्यातच पाहा. दिवाळीत फराळाचे ताट शेजारी जाते. रमजान ईदच्या नमाजाआधी फित्रा दिला जातो, म्हणजे गरिबाच्या घरीही ईद व्हावी. देण्याने देणाराही सुखावतो. कॅनडातील संशोधिका एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले. निम्म्यांनी ते संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करायचे होते आणि निम्म्यांनी दुसऱ्यांसाठी. संध्याकाळी दुसऱ्यांसाठी खर्च करणारे अधिक आनंदी आढळले, आणि रक्कम लहान की मोठी याने फरक पडला नाही.

तिसरे कारण आपल्या विश्वासाचे आहे. देवाने आपल्याला त्याचा पुत्र दिला, म्हणून आपण देतो. तो पुत्र कोणत्या घरी आला हे लूक सांगतो. बाळाला मंदिरात नेले तेव्हा मरिया आणि योसेफ यांनी पक्ष्यांच्या जोडीचे अर्पण केले (लूक २:२४). ज्यांना कोकरू परवडत नाही, त्यांच्यासाठी नियमशास्त्राने ठेवलेली ही सवलत होती (लेवीय १२:८). तारणारा गरिबाच्या घरी वाढला.

शास्त्रातले सण

सणात दान करणे ही आपलीच नवी रीत नाही. अनुवादात सप्ताहांच्या सणाची आज्ञा देताना देव पाहुण्यांची यादीच देतो: मुले, दासदासी, लेवी, परका, अनाथ, विधवा. नहेम्याच्या काळी लोकांना सांगितले गेले की ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांच्याकडे वाटा पाठवा.

लेवीय २३ हा अध्याय तर सगळा सणांच्या तारखांचा आहे. तरीही २२ व्या वचनात शेताच्या कडा कापू नका, त्या गरीब आणि परक्यासाठी राहू द्या, अशी आज्ञा येते. सणाच्या दिवशी वाटा द्यायचाच, पण गरिबाचा हक्क शेतातही उभा असतो. सण संपला म्हणून तो संपत नाही.

भुकेचे कॅलेंडर

आता आपण ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याकडे पाहू. पालघर, नंदुरबार, मेळघाट या भागांत पुष्कळ शेती पावसावरची आहे. भात, नाचणी, वरई यांची कापणी दिवाळीच्या आगेमागे होते. म्हणजे नाताळात, ज्याला थोडीफार जमीन आहे त्याच्या कणगीत धान्य असते. ज्याला जमीन नाही, तो बहुधा घरीच नसतो. कित्येक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. डिसेंबरात आपली गाडी वाडीवर पोहोचते तेव्हा अनेक दारांना कड्या असतात.

खरी ओढाताण आषाढ-श्रावणात असते. साठवलेले धान्य संपलेले, हातातले पैसे बियाण्यात गेलेले, लावणी झाली की मजुरी बंद. ओढ्याला पूर आला की रस्ता तुटतो, आणि ताप-जुलाब याच दिवसांत वाढतात. आधीच अशक्त असलेले बाळ या दोन महिन्यांत सर्वांत जास्त धोक्यात येते. म्हणूनच पावसाळ्यात सावकाराच्या दारी जावे लागू नये यासाठी राज्याने १९७८ पासून खावटी योजना सुरू केली.

आपला सण आणि त्यांची भूक यांत सहा-सात महिन्यांचे अंतर आहे. आपल्याला मात्र डिसेंबरातच समाधान मिळते, आणि ते मिळाले की काम झाले असे वाटते.

अंत्युखियाची मंडळी

प्रेषितांच्या काळात अगब नावाच्या संदेष्ट्याने दुष्काळ येणार असे सांगितले. अंत्युखियाच्या शिष्यांनी प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बंधूंना मदत पाठवण्याचे ठरवले आणि ती बर्णबा व शौल यांच्या हाती पोहोचवली. त्यांनी सण पाहिला नाही, पुढची भूक पाहिली. पौलानेही करिंथकरांना सांगितले की दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडे बाजूला ठेवा, मी आल्यावर एकदम गोळा करू नका.

आपल्या पुणे जिल्ह्यातही हा धडा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना आणले, आणि त्यातून केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते. त्या मुलींना एक दिवसाचे जेवण नाही, घर मिळाले.

आपण काय करू शकतो?

नाताळचे दान थांबवू नका. सातपुड्यात थंडी कडक असते. घोंगडी आणि स्वेटर डिसेंबरातच हवेत. पण रोख दानाचा एक भाग आषाढासाठी वेगळा ठेवू या. घरात एक डबा ठेवा आणि दर रविवारी उपासनेला निघण्यापूर्वी त्यात काही टाका, लहान मुलांच्या हातून टाकलेत तर उत्तम. जूनच्या पहिल्या आठवड्यात, रस्ते बंद होण्यापूर्वी, त्यातून तांदूळ, डाळ, तेल आणि औषधे पाठवता येतील. आणि वस्तू घेण्यापूर्वी पाड्यावरच्या आयाबहिणींना विचारू या. काय संपते आणि केव्हा संपते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपण नाताळात देतो त्यामागे वरीलपैकी कोणते कारण अधिक असते?
२. लेवीय २३:२२ ही आज्ञा सणांच्या यादीत का आली असावी?
३. आपल्या पगाराच्या किंवा धंद्याच्या 'शेताची कड' कोणती?
४. येत्या आषाढासाठी आपली मंडळी आजच काय ठरवू शकते?

प्रार्थना: हे प्रभो, तू आम्हांला सणाचा आनंद दिलास. पाऊस पडत असताना आणि आमच्या घरी सण नसतानाही आम्हांला आमच्या भावंडांची आठवण राहू दे. आमेन.