दाताची कॅप घशात गेली, तर ती पोटात की फुफ्फुसात?

आपल्या वस्तीत कोणाचा खोकला लांबला, की दोन कारणे पटकन पुढे येतात: कुपवाड एमआयडीसीतली धूळ किंवा टीबी. दोन्ही खरी असू शकतात आणि त्यांची तपासणी व्हायलाच हवी. पण खोकणाऱ्या माणसाला आणखी एक प्रश्न विचारावा: मध्यंतरी दातांचे काही काम केले होते का? त्या वेळी कॅप, दाताचा तुकडा किंवा एखादी बारीक सुई घशाकडे घसरली होती का?

असे क्वचितच घडते. पण घडल्यावर 'गिळली असेल, जाईल शौचावाटे' असे म्हणून विषय सोडून दिला, तर फुफ्फुस खराब होऊ शकते. म्हणून ही माहिती प्रत्येक घरात असावी.

हे कसे घडते?

घशात दोन वाटा आहेत. मागची अन्ननलिका पोटात जाते, पुढची श्वासनलिका फुफ्फुसात. आपण घास गिळतो तेव्हा श्वासनलिकेच्या तोंडावर झाकण पडते. तरीही काही चुकून आत गेले, तर जोराचा ठसका लागतो आणि ते बाहेर फेकले जाते.

दातांच्या खुर्चीवर मात्र आपण उताणे असतो, तोंड उघडे असते आणि वस्तू लाळेने निसरड्या झालेल्या असतात. भुलेमुळे तोंडाचा भाग बधिर होतो आणि वस्तू मागे घसरलेली लवकर कळत नाही. अशा वेळी रूट कॅनॉलची सुई, ड्रिलचे टोक, कॅप किंवा काढलेल्या दाढेचा तुकडा मागे जाऊ शकतो. बहुतेक वेळा तो पोटात जातो. काही वेळा श्वासनलिकेत उतरतो, आणि तिथून बहुधा उजव्या फुफ्फुसात. कारण उजवीकडची फांदी जास्त रुंद आणि सरळ असते.

आधीची काळजी

रूट कॅनॉल करताना दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात. ही पद्धत १८६४ साली अमेरिकेतील दंतवैद्य सॅनफोर्ड बार्नम यांनी सुरू केली. पडदा लावला, की सुई सुटली तरी घशात जात नाही. पडदा लावणे शक्य नसेल, तर घशापुढे गॉजचा तुकडा ठेवता येतो किंवा सुईला दोरा बांधता येतो. "डॉक्टर, घशात काही जाऊ नये म्हणून काय लावणार?" असे विचारायला संकोचू नका. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. शरीर आपले आहे, विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.

आपणही काही गोष्टी आधी सांगाव्यात: फिट येते का, पूर्वी पक्षाघात झाला होता का, मान किंवा हात थरथरतो का, गिळताना ठसका लागतो का. दारू पिऊन खुर्चीवर बसू नये. काढता येणारी कवळी आधी काढून ठेवावी. लहान मूल रडत किंवा हातपाय झाडत असेल, तर ते शांत होईपर्यंत काम थांबवायला सांगावे.

जयंतीनिमित्त विहारात दंत शिबिर भरते, तेव्हा गर्दी असते आणि घाई होते. कार्यकर्त्यांनी भरपूर उजेड, लाळ ओढणारे यंत्र आणि गॉज यांची व्यवस्था आहे का, हे आधी पाहावे. ती नसेल, तर शिबिरात फक्त तपासणी करावी आणि दात काढण्यासाठी दवाखान्यात पाठवावे.

रस्त्याच्या कडेला स्वस्तात दात बसवून घेऊ नयेत. कायद्यानुसार नोंदणी असलेल्या दंतवैद्यानेच हे काम करायचे असते. सैल कवळी झोपेत किंवा जेवताना घशात जाऊ शकते. सैल झाली, तर लगेच दुरुस्त करून घ्या.

वस्तू घसरली तर

१. दचकून उठून बसू नका. बसल्याने वस्तू आणखी खाली जाते. मान एका कुशीला वळवा, तोंड उघडे ठेवा आणि डॉक्टरांना ती काढू द्या. खोकला आला, तर जोरात खोका.

२. माणूस गुदमरत असेल, बोलता किंवा खोकता येत नसेल, तर वाट पाहू नका. त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात पाच थापा द्या. उपयोग झाला नाही, तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर मुठीने आत आणि वर असे पाच झटके द्या. दोन्ही आळीपाळीने करत राहा. गरोदर बाईच्या पोटावर झटके देऊ नका, छातीच्या मधोमध द्या. एक वर्षाखालच्या बाळालाही पोटावर झटके देऊ नका. त्याला हातावर पालथे घेऊन पाठीवर थापा द्या, मग उताणे करून छातीच्या मध्यावर दाबा. दुसऱ्या कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.

३. ठसका थांबला आणि वस्तू सापडली नाही, तर त्याच दिवशी छातीचा आणि पोटाचा एक्स-रे काढा. केळी खाऊ घालणे, उलटी काढणे किंवा जुलाबाचे औषध देणे हा उपाय नाही.

खोकला थांबला, तरी धोका संपत नाही

वस्तू फुफ्फुसात अडकली, की पहिला ठसका ओसरतो आणि काही दिवस किंवा आठवडे काहीच त्रास होत नाही. मग खोकला, घरघर, ताप, एकाच बाजूला पुन्हापुन्हा न्यूमोनिया, कधी कफातून रक्त. तेव्हा दाताची गोष्ट कोणाच्या लक्षातही नसते. म्हणून डॉक्टरांना दाताच्या कामाची तारीख आणि हरवलेल्या वस्तूचे नाव सांगा. तशीच दुसरी वस्तू मिळाली, तर ती दाखवा. टीबीचे औषध सुरू असेल, तर ते आपल्या मनाने बंद करू नका.

धातूची वस्तू एक्स-रेत दिसते. कवळीचे प्लास्टिक बहुतेक वेळा दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला आणि त्रास चालूच राहिला, तर सीटी स्कॅन किंवा दुर्बिणीच्या तपासणीबद्दल विचारा. दुर्बिणीने वस्तू बाहेरही काढता येते. जर्मनीतील डॉ. गुस्ताव किलियन यांनी १८९७ सालीच एका माणसाच्या श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा असा काढला होता, आणि छाती उघडावी लागली नव्हती.

वस्तू पोटात गेली असेल, तर बहुधा काही दिवसांत शौचावाटे पडते. टोकदार असेल, तर मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच राहावे.

कुपवाडहून सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, दोन्ही जवळ आहेत. दंतवैद्याकडून काय घडले, कोणती वस्तू आणि किती वाजता, एवढे लिहून घ्या आणि तो कागद सोबत न्या. एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी ईएसआयचे कार्डही जवळ ठेवावे.

एवढेच लक्षात ठेवा: वस्तू हातात सापडली किंवा एक्स-रेत पोटात दिसली, तरच निश्चिंत व्हा. 'गिळली असेल' या अंदाजावर घरी परतू नका.