जुनी पिकअप घेताना : आधी इंजिन, मग इसार

भाजीपाला, दूध किंवा बांधकामाचा माल वाहण्यासाठी स्वतःची पिकअप असावी, असे अनेक छोट्या व्यावसायिकांना वाटते. नवी गाडी परवडत नाही, म्हणून बचतीतून काही रक्कम आणि उरलेले कर्ज अशी सोय करून जुनी घेतली जाते. अशा वेळी रंग, टायर आणि किंमत आपण नीट पाहतो; पण सर्वात मोठा खर्च इंजिनात दडलेला असतो.

एक उदाहरण पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत.

पहिली गाडी 4,60,000 रुपयांना, दुसरी 5,20,000 रुपयांना मिळते. पहिली 60,000 रुपयांनी स्वस्त. पण सहा महिन्यांत तिचे इंजिन खोलावे लागले. दुरुस्तीला 80,000 रुपये लागले आणि गाडी 20 दिवस उभी राहिली. रोजची निव्वळ कमाई 1,200 रुपये धरली, तर 24,000 रुपये बुडाले. एकूण फटका 1,04,000 रुपये. म्हणजे ‘स्वस्त’ गाडी 5,64,000 रुपयांना पडली, दुसरीपेक्षा 44,000 रुपयांनी महाग. शिवाय गाडी उभी असली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. हप्ता चुकला, तर दंड भरावा लागतो आणि क्रेडिट स्कोअरही घसरतो.

म्हणून इसार देण्यापूर्वी एवढे तपासा :

1. थंड इंजिन : गाडी सकाळी, आधी सुरू न केलेली पाहायला मागा. तुम्ही पोहोचण्याआधीच इंजिन गरम असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. सुरू होण्यातली अडचण थंड इंजिनातच कळते.

2. धूर : सतत निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे, रिंगा किंवा टर्बो खराब असू शकतो. दाट काळा धूर असेल, तर इंजेक्टर किंवा एअर फिल्टर तपासून घ्या. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅसकेटची शंका घ्या.

3. ऑइल आणि कूलंट : ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ थर किंवा कूलंटमध्ये तेलाचा तवंग दिसला, तर व्यवहार थांबवा. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडा.

4. इंजिनाचा दाब : गाडी चालू ठेवून ऑइलचे झाकण सैल करा. जोराने धुराचे झोत येत असतील, तर सिलिंडर-पिस्टन झिजलेले असण्याची शक्यता आहे.

5. इशाऱ्याचे दिवे : 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 नियम लागू झाले. या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. कायम थोड्या अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो तुंबू शकतो. चावी फिरवल्यावर इंजिनाचा दिवा लागून गाडी सुरू होताच विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर कारण विचारा.

6. चढ आणि वजन : शक्य असल्यास माल भरून चढावर चालवून पाहा. रिकामी गाडी दोष लपवते.

फिटनेस प्रमाणपत्रावर विसंबू नका. मालवाहू गाडीला ते 8 वर्षांपर्यंत दर 2 वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. त्यामुळे गाडी रस्त्यावर चालवता येते. इंजिन आणखी किती टिकेल, याची हमी मिळत नाही.

तपासणीला विक्रेत्याचा नव्हे, आपल्या ओळखीचा मेकॅनिक न्या. त्याची मजुरी वाचवू नका. दोष किरकोळ असेल, तर दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा.

सर्व बचत डाउन पेमेंटमध्ये घालू नका. किमान तीन हप्ते आणि एका मोठ्या दुरुस्तीपुरती रक्कम बाजूला ठेवा. गाडी घेतल्यानंतर दरमहा 2,000 रुपये वेगळ्या खात्यात टाकले, तर वर्षाला 24,000 रुपये जमतात. पैसे कमी पडत असतील, तर इंजिनावर धोका पत्करण्याऐवजी खरेदी काही महिने पुढे ढकला.

लक्षात ठेवा : इसार दिल्यावर सौदा मोडणे महागात पडते. त्याआधी ‘नको’ म्हणायला काहीच पैसे लागत नाहीत.