विमा प्रतिनिधीचा व्यवसाय : कंपनी निवडण्यापूर्वी

पदवी घेऊन दोन-तीन वर्षे नोकरीच्या शोधात घालवलेल्या तरुणाला, किंवा घर सांभाळून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या भगिनीला, कोणीतरी विमा प्रतिनिधी होण्याचा सल्ला हमखास देतो. भांडवल लागत नाही, दुकान लागत नाही. वय अठरा पूर्ण असावे, दहावी उत्तीर्ण असावे, कंपनीचे प्रशिक्षण घ्यावे आणि एक परीक्षा द्यावी. तीत 35 टक्के गुण पुरतात. मग नेमणूकपत्र हाती पडते आणि काम सुरू होते. मार्ग इतका सोपा आहे, म्हणूनच या व्यवसायात पाऊल टाकण्यापूर्वी थोडे थांबून विचार करण्याची गरज आहे. कारण येथे विकायची वस्तू ही एखाद्याच्या मृत्यूनंतर, आजारपणात किंवा अपघातात उपयोगी पडणारे एक वचन असते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. अनेक प्रतिनिधी ग्राहकाला सांगतात, "मी स्वतंत्र आहे, सर्व कंपन्या पाहून तुमच्यासाठी उत्तम पॉलिसी निवडून देतो." अमेरिकेसारख्या देशात एकच प्रतिनिधी अनेक कंपन्यांचे काम करतो, हे खरे. भारतात मात्र विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या 2016 च्या नियमांनुसार एका व्यक्तीला एकच आयुर्विमा कंपनी, एकच सर्वसाधारण विमा कंपनी आणि एकच स्वतंत्र आरोग्य विमा कंपनी यांचे प्रतिनिधित्व करता येते. पीकविम्यासारखा एकच प्रकार हाताळणारी कंपनी यात आणखी जोडता येते, इतकेच. अनेक कंपन्यांमधून निवड करून देण्याचे काम विमा ब्रोकरचे असते. त्याला वेगळा परवाना व मोठे भांडवल लागते. इस्लामी विधिशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ब्रोकर हा ग्राहकाचा वकील असतो आणि प्रतिनिधी हा कंपनीचा वकील. कंपनीचा वकील असून ग्राहकाचा वकील असल्याचे भासवणे हे असत्य आहे. मग ते कितीही सहज तोंडातून निघो.

यातून हेही स्पष्ट होते की कंपनीची निवड ही आपल्याकडे साधी बाब नाही. एकदा नाव जोडले की त्या प्रकारातील दुसऱ्या कंपनीचा चांगला पर्याय समोर असूनही तो तुम्हाला विकता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दलालीचे वेतन स्वतः निषिद्ध नाही. इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या हदीससंग्रहात मजुरीच्या प्रकरणात दलालाच्या मोबदल्यासाठी स्वतंत्र शीर्षक ठेवले आहे. प्रश्न असतो तो ज्या सौद्याची दलाली करायची त्या सौद्याचा. प्रचलित व्यापारी विम्यावर उलेमांचे आक्षेप तीन आहेत. हप्त्यांचा पैसा व्याजी कर्जरोख्यांत गुंतवला जातो आणि बचतीच्या पॉलिसीत तोच वाढीव रूपाने परत येतो, हे रिबा. कोणाला काय व केव्हा मिळेल हे करार करताना अनिश्चित असते, हे गरर. आणि एकाच्या नुकसानीवर दुसऱ्याचा लाभ उभा राहण्याचा धोका असतो, जो जुगाराच्या जवळ जातो. जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1985 मध्ये ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा निषिद्ध ठरवला आणि परस्पर सहकार्यावर उभ्या विम्याला पर्याय म्हणून मान्यता दिली.

संकटाचा भार वाटून घेणे इस्लामला परके नाही, हे येथे विसरू नये. रक्तमूल्याचा भार संपूर्ण कुळाने उचलण्याची 'आकिला'ची पद्धत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कायम ठेवली. अश्अरी कबिल्याचे लोक प्रवासात अन्न कमी पडले की जवळचे सर्व एका कापडावर गोळा करून समान वाटून घेत, प्रेषितांनी (स.) त्यांची प्रशंसा केली, हे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नोंदलेले आहे. याच विचारावर 1979 मध्ये सुदानमध्ये पहिली तकाफुल कंपनी निघाली आणि मलेशियाने 1984 मध्ये त्यासाठी कायदा केला. आपल्या देशात तकाफुलसाठी वेगळा कायदा नाही.

म्हणूनच भारतातील उलेमांनी येथील परिस्थितीचा वेगळा विचार केला. लखनौच्या नदवतुल उलेमा येथील संशोधन मंडळाने 1965 मध्ये गरजेच्या आधारावर विम्याला सवलत दिली. पुढे काझी मुजाहिदुल इस्लाम कासमी (रह.) यांनी स्थापन केलेल्या भारतीय फिक्ह अकादमीनेही दंगलींत होणाऱ्या जीवित व वित्तहानीच्या पार्श्वभूमीवर असाच विचार मांडला. सर्व उलेमा याच्याशी सहमत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण सहमत असलेल्यांच्याही निर्णयात एक बारीक भेद आहे. सवलत ज्याला गरज आहे त्याला मिळाली आहे. प्रतिनिधीचे काम मात्र पुष्कळदा गरज नसलेल्याला गरज पटवून देण्याचे असते. नाइलाजाने केलेल्या कृतीची परवानगी ती कृती फैलावण्याच्या धंद्याला आपोआप लागू होत नाही. सत्कर्मात सहकार्य करावे, पापकर्मात करू नये, हा सूरह अल्-माइदाच्या दुसऱ्या आयतीतील आदेश येथे थेट लागू होतो.

काही तरुण या प्रश्नाचे उत्तर कंपनी बदलून शोधतात. सरकारी महामंडळ बरे की खाजगी कंपनी, असे विचारतात. व्याजाच्या दृष्टीने या भेदाला अर्थ नाही. आयुर्विमा कंपन्यांनी आपल्या निधीचा मोठा भाग सरकारी रोख्यांत ठेवावा हे नियमांनीच बांधून दिलेले आहे, मग कंपनीची मालकी कोणाचीही असो. फरक पडतो तो काय विकायचे यात. रस्त्यावर वाहन आणणाऱ्याला तृतीय पक्षाचा विमा 1988 च्या मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे. येथे ग्राहकाला निवडच नाही. दवाखान्याचा खर्च एका आठवड्यात घरदार विकायला लावतो, त्यामुळे आरोग्य विम्याबाबत अनेक मुफ्ती नरमाईने विचार करतात. याउलट मनी बॅक, एंडोमेंट, हमखास परताव्याची पॉलिसी यांत बचत आणि व्याज हाच गाभा आहे. माझे मत असे की जो हा व्यवसाय करणारच असेल त्याने आपल्या मुफ्तींना विचारून पहिल्या दोन प्रकारांपुरते राहावे आणि बचतीच्या पॉलिसींना हात लावू नये. याची किंमत मोजावी लागते. वाहन विम्यावरील कमिशन तुटपुंजे असते. मोठे कमिशन नेमके बचतीच्या पॉलिसीच्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर मिळते. घर चालेल का, याचा हिशेब आधी कागदावर करावा आणि मगच होकार द्यावा.

कंपनी निवडताना कमिशनचा तक्ता शेवटी पाहावा. प्राधिकरणाच्या वार्षिक अहवालात प्रत्येक कंपनीचे आकडे प्रसिद्ध होतात. दावे किती मंजूर झाले हे सर्वच पाहतात. पण संख्येबरोबर रकमेचे प्रमाणही पाहावे, कारण लहान दावे देऊन मोठे अडवले तरी संख्या चांगली दिसते. कंपनीचे दायित्व पेलण्याचे प्रमाण नियमानुसार किमान 1.5 असावे लागते, ते त्याहून किती वर आहे हे तपासावे. आरोग्य विम्यासाठी तुमच्या तालुक्यातील कोणती रुग्णालये कंपनीच्या यादीत आहेत हे स्वतः जाऊन विचारावे. पुण्या-मुंबईची यादी बीडच्या किंवा चिपळूणच्या रुग्णाला उपयोगाची नाही. आयुर्विम्याचे काम घेणाऱ्याने, आणि कोणाच्याही आग्रहाला बळी पडण्याच्या बेतात असलेल्यानेही, आणखी एक आकडा पाहावा. तेराव्या महिन्यात किती टक्के पॉलिसी चालू राहतात? ज्या कंपनीत एक वर्षानंतर लोक मोठ्या संख्येने हप्ते भरणे सोडतात, तेथे पॉलिसी समजावून न देता गळ्यात मारली जात असण्याचा दाट संभव असतो. लोकांचा बुडालेला पहिला हप्ता हेच तेथील कमिशन असते.

याहून मोठी कसोटी अर्ज भरताना होते. आपल्या वस्तीत अर्ज बहुधा प्रतिनिधीच भरतो, ग्राहक फक्त सही करतो. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, पूर्वी शस्त्रक्रिया झाली का, या रकान्यांत सरसकट 'नाही' लिहिले की वैद्यकीय तपासणीचा त्रास वाचतो आणि पॉलिसी लवकर निघते. ग्राहकाला याचा पत्ताही नसतो. 1938 च्या विमा कायद्याच्या कलम 45 नुसार पहिली तीन वर्षे कंपनी खोट्या माहितीच्या आधारे आयुर्विम्याचा करार आव्हानित करू शकते. समजा, दुसऱ्या वर्षी त्या माणसाचे निधन झाले. कंपनी दवाखान्याचे जुने कागद शोधून काढते आणि विधवेच्या हाती नकाराचे पत्र येते. ज्या सहीवर दावा फेटाळला गेला ती तिच्या पतीची असते, अक्षर मात्र प्रतिनिधीचे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषितांनी (स.) आतला ओलावा बाहेर काढला आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे बजावले, ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. येथे ढीग कागदाचा आहे आणि ओलावा त्या एका रकान्यात दडवलेला आहे. अर्ज ग्राहकाला त्याच्या भाषेत वाचून दाखवावा, आजार असेल तर लिहावा. हप्ता वाढेल किंवा पॉलिसी नाकारली जाईल, तरीही.

पहिला हप्ता स्वतः भरून किंवा कमिशनचा वाटा परत देऊन ग्राहक ओढण्याची पद्धत सर्रास आहे. याच कायद्याचे कलम 41 ती निषिद्ध ठरवते आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मार्च महिन्यात उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी मावशी, मेहुणा आणि जमातीतील ओळखीचे लोक यांच्या भिडेचा उपयोग होतो, त्याविरुद्ध मात्र कोणतेही कलम नाही. नात्यामुळे ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याची संमती ही सूरह अन्-निसाच्या एकोणतिसाव्या आयतीत अपेक्षित असलेली राजीखुशीची संमती मानावी का, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःला द्यावे. पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, हे नातेवाइकांना तरी आवर्जून सांगावे.

नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी ते पूर्ण वाचावे. कोणत्या पॉलिसी विकणे सक्तीचे आहे, वर्षाला किमान किती व्यवसाय न दिल्यास नेमणूक संपते, हे तेथेच विचारावे. केवळ आरोग्य विमा विकण्याची मुभा हवी असेल तर आयुर्विमा कंपनीचा अर्ज भरण्याची गरजच नाही. आरोग्य विमा कंपनीची नेमणूक स्वतंत्रपणे घेता येते. पुढे कंपनी बदलावीशी वाटली तर राजीनामा देऊन नेमणूक संपल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यानंतर 90 दिवस थांबून दुसऱ्या कंपनीकडे जाता येते. त्या तीन महिन्यांच्या खर्चाची तरतूद आधीच करून ठेवावी, म्हणजे मन नको म्हणत असताना केवळ पोटासाठी तेथेच राहण्याची वेळ येणार नाही.