दुधातून कॅन्सर जातो काय?

आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई तान्ही मुलगी मांडीवर घेऊन बसतात. परवा अक्षरे गिरवता गिरवता त्या थांबल्या. म्हणाल्या, "बाई, माझ्या आईला छातीचा कॅन्सर झालाय. मी तिचंच दूध प्याले. उंदरामधी म्हणं हा रोग दुधातून पिल्लांना होतो. मग मी हिला पाजू का नको?" वर्ग गप्प झाला. त्यांच्या आईचे ताट-तांब्या घरात वेगळे ठेवले आहेत, हेही मग कळले.

प्रश्न अडाणीपणाचा नाही. उंदरांची गोष्ट खरी आहे. ती आधी पाहू.

अमेरिकेत मेन नावाचे राज्य आहे. तेथे समुद्रकाठी बार हार्बर या गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथे उंदरांची निरनिराळी घराणी पाळत. काही घराण्यांतल्या पुष्कळ माद्यांना स्तनाचा कॅन्सर होई, काहींत तो क्वचितच दिसे. १९३३ साली तिथल्या मंडळींच्या ध्यानात आले, की हा रोग बापापेक्षा आईकडून जास्त येतो. मग जॉन बिटनर यांनी एक साधी युक्ती केली. रोगी घराण्यातली पिल्ले जन्मताच आईपासून उचलली आणि निरोगी घराण्यातल्या मादीच्या अंगावर पाजायला दिली. ही पिल्ले मोठी झाली, तेव्हा त्यांच्यात कॅन्सर फारच कमी निघाला. रक्त तेच, फक्त दूध बदलले! १९३६ साली बिटनर यांनी हे छापून प्रसिद्ध केले. दुधात काहीतरी होते खास. ते काहीतरी म्हणजे एक विषाणू, असे पुढे ठरले.

विषाणू म्हणजे काय? तो जंतूपेक्षाही बारीक असतो. त्याला स्वतःचे घर नाही की चूल नाही. आपले शरीर लहान लहान पेशींचे बनलेले आहे. विषाणू अशा पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपली प्रजा वाढवून घेतो. उंदरांचा हा विषाणू तर आणखी पुढे जातो. पेशीजवळ जणू एक वही असते. कधी वाढायचे, कधी थांबायचे, ते तीत लिहिलेले असते. हा विषाणू त्या वहीत आपल्या ओळी घुसडतो. त्या नेमक्या वाढीच्या हुकुमाशेजारी पडल्या, की पेशी थांबायचे विसरते. मग गाठ होते.

आपल्याकडेही या उंदरांवर काम झाले, आणि ते एका मराठी बाईंनी केले. डॉ. कमल रणदिवे १९१७ साली पुण्यात जन्मल्या. मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी विषाणू, आनुवंशिकता आणि शरीरातले अंतःस्राव यांचा स्तनाच्या कॅन्सरशी काय संबंध, याचा वर्षानुवर्षे शोध घेतला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

आता माणसाकडे वळू. १९७१ च्या सुमारास मुंबईच्या पारशी बायकांचे दूध तपासले गेले. या समाजात स्तनाचा कॅन्सर जास्त आढळतो, म्हणून. उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण काही दुधांत दिसले. पण तो विषाणूच, आणि त्यानेच रोग होतो, असे काही सिद्ध झाले नाही. १९९५ साली न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी ३१४ गाठी तपासल्या. १२१ गाठींत त्यांना त्या विषाणूच्या ओळींसारख्या ओळी सापडल्या. मोठी खळबळ उडाली! पण दुसऱ्या कित्येकांनी शोधले, तर त्यांना काही मिळाले नाही. उंदीर प्रयोगशाळेतही असतात. त्यांचा कणभर अंश नमुन्यात मिसळला, तरी परीक्षा फसते. अजून वाद मिटलेला नाही.

पक्का पुरावा कसा असतो, ते गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरून कळते. तिथे जवळजवळ प्रत्येक गाठीत एक ठरावीक विषाणू सापडतो. हे दाखवणारे हाराल्ड त्सूर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या विषाणूवर लसही निघाली. स्तनाच्या कॅन्सरात असे काही हाती आलेले नाही.

तर बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. अंगावर प्यालेल्या मुली आणि वरच्या दुधावर वाढलेल्या मुली यांची तुलना शास्त्रज्ञांनी केलेली आहे. अंगावर प्यालेल्यांना हा कॅन्सर जास्त होतो, असे दिसले नाही. उलट पाजणाऱ्या आईचाच फायदा होतो. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा हिशोब २००२ साली एकत्र मांडला गेला. एकूण १२ महिने अंगावर पाजले, की आईचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी उतरतो, असे त्यात निघाले. तेव्हा बाईंनी पोरीला खुशाल पाजावे.

आईचे ताटही घरच्या ताटांत ठेवावे. जेवणाने, स्पर्शाने, शेजारी निजल्याने हा रोग लागत नाही. आजारी बाईला वेगळे काढणे याला औषधाचा आधार नाही, ते नुसते भय आहे.

एक गोष्ट मात्र खरी. काही घराण्यांत हा रोग रक्तातून उतरतो. म्हणून बाईंनी आईचा आजार डॉक्टरांना सांगून ठेवावा. पाजत्या बाईच्या छातीत दूध साचूनही गाठ होते. ती बहुधा दूध मोकळे झाले की बसते. पण जी गाठ बसत नाही, दुखो वा न दुखो, ती दाखवावी. काखेत गाठ, कातडीला खळी, स्तनाग्र आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्त येणे, हेही दाखवावे. डॉक्टर हाताने तपासतात, सोनोग्राफी करतात, लागल्यास सुईने गाठीचा अंश काढून पाहतात. पाजत असतानाही हे सारे करता येते.