करारभंग आणि फसवणूक

चि. समीर यास,

उधारीवर माल नेलेल्या गिऱ्हाइकाने ठरल्या दिवशी पैसे दिले नाहीत, तर तो करारभंग होतो. तेवढ्यावरून गुन्हा होत नाही. व्यापारात नव्याने उतरणाऱ्याने हा फरक सर्वांत आधी पक्का करावा. वसुलीसाठी थेट पोलीस ठाणे गाठणारे इथेच चुकतात आणि दिवाणी दाव्याचा मोलाचा वेळ घालवतात.

कराराचा पाया म्हणजे १८७२ चा भारतीय करार कायदा. कलम १० प्रमाणे दोन्ही पक्ष करार करण्यास पात्र हवेत, संमती मोकळी हवी, मोबदला आणि उद्देश कायदेशीर हवा. पात्रतेची अट किती कडक आहे, हे धर्मोदास घोष खटल्यात दिसले. अज्ञान (अल्पवयीन) असताना त्याने मालमत्ता गहाण ठेवून कर्ज घेतले होते. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ते गहाण मुळातच रद्दबातल धरले आणि सावकाराला त्याने दिलेली रक्कमही परत मिळाली नाही.

बहुतेक सौदे तोंडी झाले तरी कायद्याने बांधतात. अडचण येते ती पुराव्याची. म्हणून माल पोचल्याची सही असलेले चलन, बिल आणि ऑर्डरचे व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवणे हे व्यापाऱ्याचे रोजचे काम आहे. कलम ७३ खाली भरपाई मिळते, पण करारभंगातून स्वाभाविकपणे झालेल्या किंवा करार करतानाच दोघांना ठाऊक असलेल्या नुकसानीपुरती. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची. त्या आत देणेकऱ्याने सहीनिशी देणे कबूल केले, तर ती नव्याने मोजली जाते. भागीदारीची नोंदणीही टाळू नये: नोंदणी नसलेल्या पेढीला करारावरून बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही.

फसवणुकीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. त्यात कळीचा प्रश्न एकच: सौदा करतानाच बुडवण्याचा हेतू होता का? सर्वोच्च न्यायालयाने हेच वारंवार सांगितले आहे. खोटे नाव-पत्ता देऊन माल उचलणारा गुन्हेगार. धंदा बसल्यामुळे थकलेला फक्त देणेकरी. विकायला सोपवलेला माल गिळंकृत करणे हा मात्र कलम ३१६ खालचा विश्वासघात आहे.

न वटलेला चेक करारभंग आणि फसवणूक या दोहोंच्या मध्ये येतो. परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १३८ हे १९८९ पासून लागू आहे. देण्यापोटी दिलेला चेक खात्यात पुरेसे पैसे नसल्याने परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या १५ दिवसांत पैसे दिले, तर या कलमाखाली खटला उभा राहत नाही.

कळावे,
काका